दाढीचा नवस

माझी धाकटी बहीण ऑफिसात आली की खिडक्या उघडल्यासारखं वाटतं, असं आमचे मुद्रितशोधक म्हणतात. आता खरं सांगायचं तर खिडक्या मीच उघडते. रोज सकाळी स्टुलावर चढून, वरची गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून. पण ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ती येते, पर्स खुर्चीला अडकवते, काहीतरी बोलून हसते, आणि सगळ्यांना वारा लागतो.

आमचं ऑफिस म्हणजे शब्दकोशाचं ऑफिस. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, भिंतभर लाकडी कपाटं, कपाटांत खण आणि खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून कसा आला त्याची कुळकथा. हा कोश माझ्या वडिलांनी सुरू केला. त्यांना घरी-दारी सगळे अण्णाच म्हणतात. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ते मुख्य संपादकाच्या खुर्चीवरून उठले आणि घरी बसले. खुर्ची रिकामी राहिली. तिची धूळही मीच पुसायचे.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे? अर्धं आयुष्य मी त्या चिठ्ठ्यांत घालवलं. लग्न केलं नाही, कारण आई गेल्यावर अण्णांकडे बघायला कुणी नव्हतं. सकाळी त्यांचं आंघोळीचं पाणी, दुपारी ऑफिसातून एक चक्कर, संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचा. छोटी या सगळ्या वर्षांत बाहेर होती. परक्या भाषा शिकली, शिकवल्या, आणि मन भरल्यावर परत आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या इमारतीत घर घेतलं आणि कोशात रुजू झाली. आल्या आल्या ती सगळ्यांची छोटी झाली. मी मात्र सगळ्यांची ताई, अगदी माझ्याहून वयानं मोठ्या असलेल्या मुद्रितशोधकांचीही.

हे मुद्रितशोधक म्हणजे छपाईआधी चुका काढणारे. ते बोलताना मधेच थांबतात, तपकिरीची चिमूट ओढतात आणि मग वाक्य पुरं करतात, म्हणून त्यांना आम्ही स्वल्पविराम म्हणतो. त्यांच्याशिवाय आणखी एक जण म्हणजे जुळारीबाई. पूर्वी शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवून त्या मजकूर लावायच्या, आता संगणकावर लावतात, पण नाव तेच राहिलं. संपला आमचा गोतावळा.

वादाला खरं तोंड फुटलं ते 'वोट' या शब्दावरून. आठवड्याच्या बैठकीला अण्णा आवर्जून यायचे. मी त्यांना हाताला धरून आणायचे. त्या दिवशी छोटीनं 'वोट'ची नोंद वाचली. शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'वोटुम' म्हणजे देवापुढे बोललेला नवस. देवाला सांगायचं, अमुक कर, मी तमुक देईन. पुढे त्याचा अर्थ नुसती मनातली इच्छा असा झाला, आणि त्या इच्छेतूनच 'मला हा माणूस हवा' असं सांगणारं मत निघालं. इंग्रजीत शपथेला 'वाव' म्हणतात, तोही या 'वोट'चा सख्खा भाऊ.

"म्हणजे बघा," छोटी म्हणाली, "आपलं मत मनातून आलं आणि त्यांचं वोट देवळातून."

स्वल्पविराम हसले. जुळारीबाई हसल्या. आणि अण्णांनी चक्क टाळी दिली. "वा! काय सांगितलंस पोरी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ही कथा अण्णांनीच मला सांगितली होती, मी शाळेत असताना. मतदानाच्या रांगेत मी त्यांच्या बोटाला धरून उभी होते, रांग हलत नव्हती, आणि मी कंटाळू नये म्हणून ते मला वोटुम आणि नवस सांगत होते. छोटी तेव्हा आईच्या कडेवर पोट दुखतं म्हणून रडत होती. आज तीच कथा तिनं त्यांना परत ऐकवली आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खूश झाले. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा जरा जोरात आपटला.

त्याच बैठकीत अण्णा म्हणाले, "खुर्ची फार दिवस रिकामी आहे. दोघी बहिणींपैकी कुणीतरी एक बसा. मत घेऊन टाकू. आपल्या पद्धतीनं."

आपली पद्धत म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण जगात दुसरीकडे कुठे ती असेल असं मला वाटत नाही. कोश सुरू झाला तेव्हाच अण्णांनी वोटुमवरून एक नियम केला होता. त्यांचं म्हणणं, नुसती पसंती सांगायला काय लागतं? ज्याला काही मागायचं आहे त्यानं काहीतरी द्यायची तयारी ठेवावी. म्हणून आमच्याकडे मत देणाऱ्यानं आधी सगळ्यांसमोर नवस बोलायचा: माझ्या मनासारखं झालं तर मी अमुक करीन. कुणाला मत देतोय ते सांगायचं नाही. मग डब्यात गुपचूप खिळा टाकायचा. ज्यांची बाजू जिंकेल त्यांनी नवस फेडायचा. हरलेले सुटले. एकदा एका शिवीला कोशात घ्यायचं की नाही यावर मत झालं, आणि स्वल्पविरामांना महिनाभर सगळ्यांचे कप विसळावे लागले. तेव्हा कळलं, त्या शिवीच्या बाजूनं ते होते. आमचं गुप्त मतदान हे असं. मोजणी झाली की दोन दिवसांत कोण कुणाचं ते उघड होतंच.

मतदानाच्या सकाळी मी अण्णांना नीट इस्त्रीचा सदरा घातला. वाटेत त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. त्यांना विचारावंसं मला वाटत होतं, अण्णा, तुम्ही मलाच ना? पण विचारलं नाही. काही गोष्टी विचारून मिळाल्या तर त्यांची चव जाते.

जुळारीबाईंनी जुन्या पेटीतून शिशाचे खिळे काढून ठेवले होते. प्रत्येकाला दोन: ताईचा 'त' आणि छोटीचा 'छ'. हवा तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, उरलेला पेटीत परत.

पहिल्या उठल्या जुळारीबाई. "माझ्या मनासारखं झालं, तर सगळी कपाटं रिकामी करून आतनं पुसून काढीन." आणि खिळा टाकून खाली बसल्या.

स्वल्पविराम उभे राहिले. "माझ्या मनासारखं झालं, तर मी," इथे ते थांबले, डबी हातात घेतली, तिच्याकडे प्रेमानं पाहिलं, "तपकीर सोडीन."

सगळ्यांनी 'अरे बापरे' म्हटलं. एवढी किंमत हे कुणासाठी मोजताहेत?

मग मी. मी म्हणाले, वर्षभर चहात साखर घालणार नाही. मी 'त' टाकला. स्वतःला मत दिलं, हो. नियमात कुठे मनाई आहे?

अण्णा बसूनच बोलले. दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्या मनासारखं झालं, तर मी दाढी काढीन."

आता हा म्हणजे कळसच झाला. कोशाचा पहिला खंड छापून येईपर्यंत काढणार नाही म्हणून ठेवलेली ती दाढी. खंड आला, पुढचे आले, दाढी राहिली. आम्ही दोघींनी त्यांची हनुवटी कधी पाहिलेली नाही. अण्णांनी खिळे बोटांनी चाचपले, एक डब्यात टाकला आणि डोळे मिटून बसले.

शेवटी छोटी उठली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"माझ्या मनासारखं झालं," ती म्हणाली, "तर मी अण्णांना माझ्या घरी राहायला नेईन. कायमचं."

मग स्वल्पविराम खाकरले. "नवस स्वतःच्या अंगावर घ्यायचा असतो, छोटी. दुसऱ्याच्या नव्हे."

"माझ्याच अंगावर येणार आहेत की ते," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, अण्णांना सांभाळणं सोपं आहे?"

अण्णा हसले. "चालेल. धरा तो नवस."

मला वाटलं, तो डबा उचलून तिच्या डोक्यात घालावा. खुर्चीही हवी आणि अण्णाही हवेत! एकाच खिळ्यात दोन्ही! इतकी वर्षं कुठे होतीस गं? अण्णांचे रात्री पाय दुखतात तेव्हा तेल कुठलं लागतं, माहीत आहे तुला? आल्या आल्या आयत्या पिठावर रेघोट्या मारायला निघाली. मी दात आवळून बसले आणि होत्यानव्हत्या देवांना मनातल्या मनात सांगितलं की हिला हरव.

स्वल्पविरामांनी डबा टेबलावर उलटा केला. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं, पण त्यांना सवय आहे. त्यांनी एकेक उचलून दोन ढीग केले. 'त' तीन. 'छ' दोन.

मी जिंकले.

जिंकल्यावर माणूस काय करतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी टेबलावरचे खिळे गोळा करायला लागले. जुळारीबाईंनी येऊन माझा खांदा दाबला, पदर खोचला आणि फडकं ओलं करायला गेल्या. म्हणजे त्या माझ्याकडच्या. स्वल्पविरामांनी डबी उघडली आणि अशी दणदणीत चिमूट ओढली की त्यांना स्वतःलाच तीन शिंका आल्या. म्हणजे ते तिच्याकडचे. वाईट वाटलं, पण मी हिशेब करत होते. एक माझं, एक बाईंचं. तिसरं कुणाचं? छोटी काय स्वतःला सोडून मला देणार होती? तेव्हा तिसरं अण्णांचं. अण्णांनी मला निवडलं. दाढीची बोली लावून निवडलं. टाळ्या तिला दिल्या, पण वेळ आली तेव्हा मला निवडलं. मला तिथेच रडू येईल असं वाटायला लागलं, म्हणून मी त्यांना घाईघाईनं उठवलं.

छोटी अभिनंदन म्हणाली. मी नुसतं हं म्हटलं. तिला हरलेली बघून मला किती बरं वाटलं ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

घरी आल्यावर मी अण्णांना खिडकीपाशी खुर्ची दिली. पाणी गरम केलं. कात्री, साबण, येताना घेतलेला नवा वस्तरा, सगळं स्टुलावर मांडलं. त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला तेव्हा ते दचकले.

"हे काय चाललंय?"

"आता काय, नवस फेडायचा ना! बसा गप्प. मी हळूच काढते."

अण्णांनी टॉवेलची गाठ चाचपली.

"सोड ते," ते म्हणाले. "मला फेडायचा नाहीये."

"असं कसं? नियम तुमचाच."

"म्हणूनच सांगतोय. माझ्या मनासारखं झालेलं नाही."

कात्री माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"तुम्ही छोटीला मत दिलंत?"

"हो."

"मी कुठे कमी पडले?" माझा आवाज चढला. "सांगा ना! एक शब्द दाखवा, माझा चुकलेला. ती परवा आली, चार विनोद केले, आणि तुम्ही—"

"तुझ्याइतकं काम कुणाला येत नाही," अण्णा म्हणाले. "तिलाही नाही, मलाही आलं नसतं."

"मग?"

"मग काय? त्या खुर्चीत बसलेला माणूस घरी येत नाही. मी बसलो होतो ना. तुझी आई रोज ताट झाकून ठेवायची. मी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची." त्यांनी डोळे चोळले. "मला वाटलं, छोटी बसेल खुर्चीत. तू अशीच लवकर येत जाशील. मी काही कोशासाठी मत दिलं नाही. तुला मागून घेतलं मी."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मीही विरघळले असते, कदाचित, अर्ध्या तासानं. पण अण्णांनी मला मागितलं होतं आणि मी त्यांच्या मागण्याविरुद्ध जिंकले होते, एवढं डोक्यात शिरायच्या आत दुसरंच काही शिरलं. अण्णा तिकडे. स्वल्पविराम तिकडे. तिथली दोन मतं संपली. मग माझं तिसरं मत कुठून आलं?

अण्णांनाही त्याच क्षणी ते उमगलं असावं. त्यांनी हात पुढे केला आणि माझं मनगट शोधलं.

दार वाजलं. छोटी होती. हातात मोठी रिकामी बॅग.

"तू मला मत दिलंस," मी दारातच म्हणाले. तिला आत ये म्हणायचंही मला सुचलं नाही.

"हो."

"का? उपकार करायला?"

"कसले उपकार?" छोटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या आवाजात हसू सापडलं नाही. "ताई, खुर्ची तुझीच होती, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण खुर्चीही तुझी आणि अण्णाही तुझेच, असं किती दिवस चालणार? लहानपणापासून बघतेय मी. मतदानाला तुला नेणार, छापखान्यात तुला नेणार. मी आपली आईच्या कडेवर. बाहेर गेले तरी फोनवर ते तुझ्याबद्दलच बोलायचे. मी किती जळायचे ते तुला कधी कळलं नाही. परत कशासाठी आले असेन मी? चिठ्ठ्यांसाठी?"

"तू त्यांना विचारलंस तरी का?"

"विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते." ती आत आली आणि अण्णांसमोर गुडघ्यांवर बसली. तिनं त्यांच्या गळ्यातला टॉवेल सोडवला, त्याची घडी केली. "आता नाही म्हणता येणार नाही. हो ना अण्णा?"

मी अण्णांकडे पाहिलं. म्हणा नाही, म्हणा! मी मनात ओरडत होते. नियम मोडा. एकदाच मोडा, माझ्यासाठी. पण शब्दापायी ज्यानं घर पाहिलं नाही, तो माणूस बोललेला शब्द मोडणार होता होय!

"सगळ्यांसमोर मीच 'धरा' म्हणालो," अण्णा म्हणाले. "ताई, माझे सदरे कुठे असतात ते हिला दाखव."

मी दाखवले. इस्त्रीचे कुठले, घरातले कुठले, पायाचं तेल कुठलं, ते कोमट किती करायचं. छोटी मान डोलावत होती आणि एकेक वस्तू बॅगेत ठेवत होती. मी हातातलं तेल तिला देताना क्षणभर सोडलं नाही. तीही खेचत राहिली. मग मी सोडलं.

आता मी त्या खुर्चीत बसते. अण्णा म्हणाले होते ते खरं आहे, तिच्यातून उठवत नाही. आधी चार दिवस छोटीकडे जाऊन अण्णांना भेटून आले, मग कामाचा ढीग वाढला, मग 'उद्या जाऊ' सुरू झालं. घरी लवकर जायचं कारणही उरलं नव्हतं. स्वल्पविराम मला आता ताई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. मी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी गेले. लिफ्टनं वर गेले, बेल वाजवली नाही, कारण दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होते. छोटी पेपर वाचून दाखवत होती आणि मधल्याच एका शब्दावरून दोघांची जुंपली होती. "असा अर्थ होतच नाही!" अण्णा गुडघ्यावर हात आपटून म्हणत होते. "होतो!" ती म्हणत होती. दोघांचेही चेहरे फुलले होते. तो शब्द माझ्या खणातला होता. दोघेही चुकत होते. सांगायला माझ्या ओठांवर आलं, पण मी दारातच राहिले, पायांत चपला तशाच. माझ्या छातीत जे काय भरून आलं ते प्रेम नव्हतं. मला ती तिथून उठायला हवी होती, बस.

अण्णांना चाहूल लागली. त्यांनी मान वळवली, पण नजर पोचली नाही.

"कोण आलंय?"

"ताई आलीये," छोटी म्हणाली.

"अरे वा! ये, ये." अण्णांनी आवाज जरा नीट केला, कुणी बाहेरचं आल्यावर करतात तसा. "चहा घेणार ना?"

त्यांनी आयुष्यात मला हे कधी विचारलं नव्हतं. त्या माणसाचा चहा मीच करत आले होते.

"घेईन," मी म्हणाले, आणि कुठे बसायचं ते कुणीतरी सांगेपर्यंत तिथेच उभी राहिले.